हरवलेले कात्रण आणि विणकामाची सुई

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने बरीच वर्षे वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवली होती. मुले रविवारच्या पुरवण्यांतून विज्ञानाचे लेख कापून आणत, वापरलेल्या वह्यांच्या कोऱ्या बाजूंवर चिकटवत आणि फायलींत लावून ठेवत. फायली सात होत्या : प्राणी, वनस्पती, शेती, आरोग्य, समुद्र, आकाश आणि ‘यंत्रे व शोध’. प्रत्येकीच्या पाठीवर सुबक अक्षरांत नाव रंगवलेले होते. पाहुणे आले की आम्ही ते कपाट आवर्जून उघडून दाखवत असू.

एकदा परीक्षेच्या सुमारास नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, विहिरीचं पाणी मचूळ का होतं, यावर आपल्याकडे काही आहे का?” तिचे घर खाडीच्या काठी. आजोबांच्या वेळेपासून गोड असलेल्या विहिरीचे पाणी दोन उन्हाळे खारट लागत होते, आणि विहीर आणखी खोल करावी असे घरात चालले होते. असा एक लेख आपण कापलेला आहे हे मला पक्के आठवत होते. आम्ही ‘आरोग्य’ पाहिले, ‘शेती’ पाहिले, ‘यंत्रे व शोध’ ही फाइलसुद्धा पालथी घातली. लेख मिळाला नाही.

तो मिळाला पावसाळा संपल्यावर, दुसरेच काही शोधताना. ‘समुद्र’ फायलीत, देवमासा आणि प्रवाळ यांच्या मध्ये तो होता. मथळा होता ‘समुद्राचे अतिक्रमण’. ज्या मुलाने तो तिथे लावला त्याने मथळा वाचून फाइल ठरवली. त्याचे काही चुकले असे मी तरी म्हणणार नाही. लेखात सगळे स्पष्ट लिहिले होते. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी हे जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरींतून पंपाने फार उपसा झाला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खारे पाणी वर सरकते. अशा जागी विहीर खोल करणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या अधिकच जवळ जाणे. त्याऐवजी उपसा कमी करावा आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे.

तोवर त्या मुलीच्या घरच्यांनी विहीर खोल केली होती. तिच्या पाण्याला आता गुरेही तोंड लावत नव्हती.

या प्रसंगानंतर आम्ही सातही फायली सोडवल्या. पुढे काय केले ते सांगतोच. पण आधी अडचण नेमकी कुठे होती ते पाहू.

एका वस्तूला एकच जागा

कात्रण ही एक वस्तू आहे. ती एका वेळी एकाच फायलीत राहू शकते, जसे पुस्तक एकाच फळीवर राहते. त्यातला आशय मात्र अनेक ठिकाणचा असतो. आमच्या त्या लेखात समुद्र होता, विहीर होती, शेतीचा उपसा होता, रसायनशास्त्रातले क्षार होते आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्नही होता. यांपैकी चार दारे बंद करून आम्ही एकच उघडे ठेवले, आणि ती मुलगी बंद दारांवर थापा मारत राहिली.

ग्रंथपालांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा उपविभाग, आणि पुढे दशांश चिन्हानंतर हवे तितके बारकावे. तुमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकाच्या पाठीवर जो तीन अंकी आकडा दिसतो तो बहुधा हाच. पद्धत उत्तम आहे. पण खाऱ्या विहिरीवरचे पुस्तक भूशास्त्र म्हणून ५५०च्या घरात ठेवावे, पाणीपुरवठा म्हणून ६२८मध्ये ठेवावे, की शेती म्हणून ६३०च्या घरात? ग्रंथपाल एक जागा निवडतो. वाचक दुसऱ्या जागी शोधतो.

या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडणारा माणूस आपल्या देशातला होता. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि नवे काम शिकण्यासाठी त्यांना लंडनला पाठवण्यात आले. तेथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. मेकॅनोत तयार मोटार किंवा तयार पूल नसतो. भोके पाडलेल्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू असतात. तेच तुकडे वेगवेगळ्या रीतीने जोडून हवी ती वस्तू बनवायची. रंगनाथन यांच्या मनात आले, की विषयांसाठी तयार खण करून ठेवण्याऐवजी विषयांचे तुकडे करून ठेवावेत आणि पुस्तक हाती आले की योग्य ते तुकडे जोडावेत. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धती ‘कोलन वर्गीकरण’ म्हणून ओळखली जाते, कारण तुकडे जोडण्यासाठी त्यांनी कोलनचे दोन टिंबांचे चिन्ह वापरले. कोणत्याही विषयाच्या पाच बाजू त्यांनी मानल्या : मुख्य वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ.

आमचे हरवलेले कात्रण या रीतीने उलगडून पाहा. वस्तू – विहीर. द्रव्य – क्षार. क्रिया – उपसा. स्थळ – किनारा. काळ – उन्हाळा. रंगनाथन यांच्या काटेकोर नियमांप्रमाणे ही फोड थोडी निराळी होईल, पण विचाराची रीत तीच. मथळ्यात यांपैकी एकही शब्द नव्हता, हेही ध्यानात घ्या.

अर्थात रंगनाथन यांनाही शेवटी पुस्तक एका फळीवर ठेवायचेच होते, म्हणून त्यांना तुकड्यांचा क्रम ठरवावा लागला. फळीचे बंधन काढून टाकले तर क्रमाची गरज उरत नाही. कात्रणावर नुसते पाच शब्द लिहायचे. दुकानातल्या कपड्याला किमतीची चिठ्ठी लावलेली असते, प्रवासाच्या बॅगेला नावाची चिठ्ठी बांधलेली असते. तशीच ही शब्दांची चिठ्ठी. संगणकावर आणि मोबाइलवर हिलाच टॅग म्हणतात. आपण या लेखापुरते तिला खूणशब्द म्हणू. फाइल आणि खूणशब्द यांतला फरक एवढाच, की कात्रण एका फायलीत जाते, खूणशब्द मात्र त्याला हवे तितके लावता येतात.

पण थांबा. चारशे कात्रणांवर शब्द लिहिले म्हणून शोधण्याचे कष्ट कुठे कमी झाले? शब्द वाचण्यासाठी पुन्हा चारशे कात्रणे चाळायचीच ना? इथे सुई मदतीला येते.

भोके, खाचा आणि सुई

संगणक सर्वांच्या आवाक्यात येण्यापूर्वी, विसाव्या शतकात, युरोप-अमेरिकेतील कितीतरी कार्यालये आणि प्रयोगशाळा कडेला भोके असलेली कार्डे वापरत. ती बनवायला वीज लागत नाही, आणि आमच्या मुलांनी ती एका शनिवारी सकाळी बनवली. तुम्हीही बनवा.

साडीच्या किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन पोस्टकार्डाएवढी कार्डे कापा. पातळ कागद नको, तो सुईवर लोंबतो. प्रत्येक कार्डाचा वरचा उजवा कोपरा थोडा तिरका छाटा, म्हणजे एखादे कार्ड उलटे लागले तर लगेच नजरेत येईल. आता वरच्या लांब कडेपासून अर्धा सेंटिमीटर खाली, एकेक सेंटिमीटर अंतरावर, बारा भोके पाडा. एकच भोक पाडणारे पंच यासाठी चांगले. एक नमुना कार्ड नीट आखून करा आणि बाकीची त्यावर ठेवूनच भोके पाडा. सगळ्या कार्डांची भोके एकमेकांसमोर तंतोतंत आली पाहिजेत; आमची पहिली वीस कार्डे याच कारणाने फुकट गेली.

आता प्रत्येक भोकाला एक शब्द द्या. १ – पाणी, २ – विहीर, ३ – समुद्र, ४ – क्षार, ५ – शेती, ६ – रोग, असे. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दारावर लावा. एका कात्रणाचे एक कार्ड. कार्डावर कात्रणाचा क्रमांक आणि मथळा लिहा. कात्रणाला जो खूणशब्द लागू असेल त्याचे भोक कात्रीने वरच्या कडेपर्यंत कापून उघडे करा. भोकाची खाच झाली. लागू नसलेली भोके बंदच राहू द्या.

झाले. आता कार्डांची गड्डी हातात घ्या, टेबलावर आपटून सारखी करा, आणि विणकामाची लांब सुई २ क्रमांकाच्या भोकांतून आरपार घाला. (आमच्या मुलांनी ती आईच्या अर्धवट स्वेटरमधून न विचारता काढून आणली होती. तुम्ही विचारून आणा.) सुई वर उचला आणि हलकेच हलवा. ज्या कार्डांचे दुसरे भोक बंद आहे ती सुईवर लटकून राहतील. जिथे खाच आहे ती कार्डे खाली पडतील. विहिरीविषयीची सगळी कात्रणे टेबलावर, एका झटक्यात!

आता गंमत पाहा. दोन सुया घ्या. एक २ मध्ये घाला, दुसरी ४ मध्ये, आणि दोन्ही एकदम उचला. एकच खाच असलेले कार्ड दुसऱ्या सुईवर अडकून राहते. पडतात ती फक्त ‘विहीर’ आणि ‘क्षार’ हे दोन्ही शब्द असलेली कार्डे. ‘विहीर’ किंवा ‘क्षार’ यांपैकी काहीही चालेल असे असेल तर आधी एका भोकात सुई घालून पडलेली कार्डे बाजूला काढा आणि मग उरलेल्या गड्डीत दुसऱ्या भोकात घाला. ‘समुद्र नको’ असे असेल तर ३ मध्ये सुई घालून लटकलेली कार्डे घ्या. गणितात संचांचा छेद, संयोग आणि पूरक संच तुम्ही शिकला असाल. ते इथे पुठ्ठ्याचे होऊन हातात येतात.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गड्डीतील कार्डे कोणत्याही क्रमाने असली तरी चालते. वापरून झाली की कशीही परत ठेवा. ‘कुणी फाइल भलत्या जागी ठेवली?’ ही आमच्या मंडळातली नेहमीची भांडणे त्या शनिवारनंतर थांबली.

चाळीस भोकांत हजारो शब्द

तुम्ही विचाराल, की बारा भोके म्हणजे बाराच शब्द. पुरणार कसे? आमचेही महिन्याभरात हेच झाले. ‘भूकंप’ आला, ‘वटवाघूळ’ आले, भोके संपली.

यावरचा उपाय अमेरिकेतील कॅल्विन मूअर्स यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस शोधला. हवी ती माहिती साठ्यातून शोधून काढण्याच्या शास्त्राला आज जे इंग्रजी नाव आहे ते १९५० मध्ये रूढ करणारेही हेच. त्यांची युक्ती अशी. समजा, कार्डाला चाळीस भोके आहेत. एका शब्दाला एक भोक न देता चार भोके द्यायची, आणि ती चार भोके चिठ्ठ्या टाकून, कोणताही नियम न ठेवता निवडायची. ‘विहीर’ म्हणजे ३, १७, २२, ३८. ‘भूकंप’ म्हणजे ५, १७, २९, ३१. दोन शब्दांत एखादे भोक सामाईक आले तरी बिघडत नाही. चाळिसांतून चार भोके निवडण्याचे ९१,३९० प्रकार आहेत. (तपासून पाहा : ४० × ३९ × ३८ × ३७ भागिले २४.)

एका कात्रणाला सहा शब्द लावायचे असतील तर सहाही शब्दांच्या खाचा एकाच कार्डावर, एकमेकींवर पाडायच्या. शोधताना ‘विहीर’ हवी असेल तर चार सुया ३, १७, २२ आणि ३८ मध्ये घालायच्या. विहिरीची सगळी कार्डे पडणारच; एकही हुकणार नाही. पण अधूनमधून एखादे भलतेच कार्ड पडेल, कारण निरनिराळ्या शब्दांच्या खाचा मिळून योगायोगाने तीच चार भोके उघडी झालेली असतील.

असे किती वेळा होईल? सहा शब्दांच्या चोवीस खाचा, पण काही एकमेकींवर येतात म्हणून सरासरीने सुमारे १९ भोके उघडी. तेव्हा परक्या शब्दाची चारही भोके उघडी असण्याची संभाव्यता १९/४० × १८/३९ × १७/३८ × १६/३७, म्हणजे सुमारे ०.०४. शंभर कार्डांत चार भलती. आणि ‘विहीर’ व ‘क्षार’ असे दोन शब्द एकदम शोधले, म्हणजे सहसा आठ सुया घातल्या, तर हजारांत सुमारे एक. ते एक कार्ड वाचून बाजूला टाकायला कितीसा वेळ लागणार? थोडी चूक मुद्दाम पत्करून मूअर्स यांनी चाळीस भोक्यांत हजारो शब्द बसवले. १९७० मध्ये बर्टन ब्लूम यांनी संगणकाच्या स्मृतीसाठी याच जातीची युक्ती मांडली आणि ती आजही सर्रास वापरली जाते.

संगणक स्वतः मात्र सुया चालवत नाही. तो पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची ठेवतो. ‘किनारा’ – ३, ८, १७, २९, ४६. ‘विहीर’ – ५, ८, २१, ४६, ५०. दोन्ही यादींत सामाईक कोण? ८ आणि ४६. लक्षावधी लेख असले तरी काम एवढेच : दोन चढत्या क्रमाच्या यादींवर दोन बोटे ठेवून पुढे सरकत जायचे.

शब्द कोणता लावावा?

यंत्राचा भाग इथे संपला. अवघड भाग माणसाचा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त मनोरंजक आहे.

जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वयंपाकाच्या कृती, विकायच्या वस्तू, संगणकाला द्यायच्या आज्ञा अशा अगदी साध्या गोष्टींना लोक आपण होऊन कोणता शब्द देतात ते त्यांनी तपासले. एकाच गोष्टीसाठी दोन माणसे एकच शब्द पसंत करतील याची संभाव्यता ०.२०पेक्षाही कमी निघाली. म्हणजे कात्रण लावणाऱ्याने आपल्याला सुचलेला एकच शब्द लावला, तर शोधणारे पाचांपैकी चार जण निराश होऊन परतणार. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय सरळ आहे : एकाच गोष्टीला जितके सुचतील तितके पर्यायी शब्द जोडा.

आमची मुलगी ‘मचूळ’ म्हणाली. लेखक ‘क्षारता’ म्हणाला. मी मनात ‘खारट’ म्हणत होतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला शेतकरी याला ‘खारपाण’ म्हणेल. तिकडच्या त्या साऱ्या भागाला खारपाणपट्टा असेच नाव आहे. (तिथे समुद्र नाही, आणि खारेपणाचे कारणही निराळे आहे.) वाचक आपला शब्द घेऊन येतो, लेखकाचा नव्हे. ज्वारी शोधणाऱ्याला जोंधळ्यावरचा लेख मिळाला पाहिजे.

उलट अडचणही आहे. ‘वीज’ म्हणजे आकाशात कडाडणारी की तारेतून येणारी? एकाच भोकात दोन्ही घातल्या तर पावसाळी वादळाच्या गड्डीत कोयनेचे जलविद्युत केंद्र येऊन पडेल. तिथे दोन वेगळे खूणशब्द हवेत : ‘आकाशातील वीज’ आणि ‘विद्युतपुरवठा’.

आणि आपल्या मराठीची एक खास खोड. लेखाचा मथळा ‘विहिरीच्या पाण्याचे कोडे’ असा असेल, तर त्यात ‘विहीर’ हा शब्द अक्षरशः नाही आणि ‘पाणी’ही नाही! विहीरचे विहिरी झाले, ‘ही’ची ‘हि’ झाली. पाणीचे पाण्या झाले. माणसाला हे जाणवतही नाही, पण अक्षराला अक्षर जुळवून पाहणारे साधे यंत्र तिथे थबकते. म्हणून खूणशब्द नेहमी मूळ रूपात लिहावा : विहीर, पाणी, कोळी, मीठ. विभक्तीचे प्रत्यय लेखात राहू द्यावेत.

वैद्यकीय ग्रंथालयांनी यावर शिस्तीचा मार्ग घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये ठरावीक विषयशब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि ती अजूनही वाढवली जाते. लेखक ‘हार्ट अटॅक’ लिहो की आणखी काही, सूचीकार यादीतला एकच अधिकृत शब्द लावतो, आणि बाकीचे शब्द वाचकाला त्याच्याकडे वळवतात. जुन्या ग्रंथालयांत ‘जोंधळा – ज्वारी पाहा’ अशी कार्डे असत, तोच हा प्रकार.

याच्या अगदी उलट प्रयोग इंटरनेटवर झाला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिलिशस’ या सेवेवर (ती आता बंद आहे) कुणीही आपल्या आवडत्या पानांना मनाला येईल तो शब्द लावू शके. ‘फ्लिकर’वर छायाचित्रांना तसेच. यादी नाही, सूचीकार नाही. या लोकांनीच केलेल्या वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये वेगळे नावही दिले. सगळा गोंधळ होईल असे वाटेल. पण स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी पाहिले, की एखादे पान सुमारे शंभर जणांनी नोंदवले की त्यावरच्या निरनिराळ्या शब्दांचे प्रमाण जवळजवळ स्थिर होते. पुष्कळ लोक असतील तर भाषा आपली आपण सावरते. शाळेच्या मंडळात मात्र कात्रणे लावणारे दोनच जण असतात, तेव्हा दारावरची यादी हवीच.

शब्द किती व्यापक असावा याचे गणितही सोपे आहे. हजार कात्रणांपैकी सर्वांवर ‘विज्ञान’ हा शब्द असेल तर त्या भोकात सुई घालून हजारही पडतील. खाच पाडण्याचे श्रम वाया. ‘पाणी’ दोनशेंवर असेल तर दोनशे वाचावी लागतील. ‘विहीर’ चाळिसांवर. विरळ शब्द अधिक कामाचा, हे कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये आकडेमोडीच्या रूपात मांडले, आणि शोधयंत्रांत तो विचार पुढे फार वापरला गेला. पण फार विरळही नको. एकाच कात्रणावर असलेला शब्द ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो सापडतो. त्यापेक्षा मध्यम विरळ असे दोन-तीन शब्द एकत्र वापरलेले बरे.

दोन गड्ड्यांना जोडणारी सुई

नीट लावलेला शब्द कधीकधी असे काही खाली पाडतो, जे कुणी शोधतही नव्हते. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॉनसन हे माहितीशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. त्यांच्या पाहण्यात शोधनिबंधांच्या दोन गड्ड्या आल्या. एक होती रेनोच्या विकाराविषयी. या विकारात थंडीने बोटांतील रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे पांढरी पडतात. त्या निबंधांत रक्ताचा दाटपणा आणि रक्तातील बिंबिकांचे एकत्र चिकटणे यांचा उल्लेख होता. दुसरी गड्डी माशांच्या तेलाविषयी होती. माशांच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि बिंबिकांचे चिकटणे कमी होते, असे तिच्यात आढळले होते. दोन्ही गड्ड्या छापलेल्या, ग्रंथालयांत उपलब्ध, आणि एकमेकींचा उल्लेखही न करणाऱ्या. एकीचे वाचक दुसरीकडे फिरकतच नव्हते. स्वॉनसन यांनी १९८६ मध्ये लिहिले, की माशांचे तेल या विकारात उपयोगी पडत असावे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान वैद्यकीय चाचणीत काही प्रकारच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला. पुढे अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांचाही असाच संबंध स्वॉनसन यांनी निबंध वाचूनच दाखवला.

आपल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत हे करून पाहायचे तर ‘रक्ताचा दाटपणा’ या भोकात सुई घालायची. एका फायलीत कधीच भेटली नसती अशी दोन कार्डे टेबलावर शेजारी पडतील.

आमच्या त्या कात्रणाला आता नऊ खाचा आहेत. ‘मचूळ’ हा शब्दही दारावरच्या यादीत आहे. तो त्या मुलीनेच लिहिला.

आता तुमच्यासाठी काम. या अंकातील कोणताही एक लेख निवडा आणि वर्गातील दहा जणांना तो वाचायला द्या. प्रत्येकाने एकमेकांना न विचारता त्याला पाच खूणशब्द लावावेत. दहा जणांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. त्यांतील किती जोड्यांचा पहिलाच शब्द सारखा आला ते मोजा आणि फर्नास यांच्या ०.२०शी ताडून पाहा. मग अकरावा मित्र असा शोधा, ज्याने लेख वाचलेला नाही. त्याला लेखातला एक प्रश्न फक्त तोंडी सांगा आणि विचारा : हे शोधायचे झाले तर तू कोणता शब्द घेऊन येशील? तो शब्द दहा जणांच्या पन्नास शब्दांत कुठे आहे का, ते पाहा.